ग्वाल्हेरला गाण्यासाठी जाणार असाल, तर हे वाचून जा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर रिक्षा जात नाही, हे तेथील प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असते आणि तो ते भाडे ठरवताना सांगत नाही. स्थानकाबाहेरच्या ज्या रिक्षावाल्याने ‘थेट मानमंदिरापर्यंत’, म्हणजे किल्ल्यावरच्या महालापर्यंत, असे म्हणून आमच्याकडून साडेतीनशे रुपये आगाऊ घेतले, त्याने गुजरी महालाजवळ, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, आम्हाला उतरवले आणि वर बोट दाखवले. तेथून वरच्या हत्तीपोळ दरवाजापर्यंतची सगळी चढण पायी आहे. एक दरवाजा ओलांडला की वर दुसरा दिसतो, फरसबंदी घासून गुळगुळीत झालेली आहे आणि ऑक्टोबरच्या दुपारी तटाची भिंत तव्यासारखी तापते. वाटेवरच्या चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखात सन ८७६ मध्ये कोरलेले शून्य आहे. रिक्षावाल्याच्या बोलण्याचे मोल लिहायला तेवढा एकच आकडा पुरला असता. पायांत जोर असला तरी ही वाट सकाळी आठच्या आतच धरावी. नाहीतर टॅक्सी करून पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने वर जावे आणि परतीसह भाडे आधीच पक्के करावे.

वर मानमंदिर, म्हणजे मानसिंह तोमराचा महाल आहे. १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलेल्या या राजाने ध्रुपदाला, म्हणजे ख्यालाच्या आधीच्या गायनशैलीला, राजाश्रय दिला, म्हणून गाणाऱ्याने तेथे जावे. निळ्या फरशांच्या नक्षीपुढे मात्र फार वेळ घालवू नये.

दुसरी फसवणूक तानसेनाची कबर असलेल्या हजिरा या भागात झाली. तेथे गळ्यात पडलेल्या माहितगाराने जाळीदार भिंतींचा भव्य मकबरा ‘मियाँ तानसेन’ म्हणून दाखवला. तो मकबरा सूफी संत महंमद गौस यांचा आहे. तानसेनाची कबर शेजारच्या उघड्या, खांबांच्या छोट्या चौथऱ्यावर आहे आणि बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करूनच छायाचित्रे काढतात. त्यानंतर कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गळा सुरेल होतो, अशी कथा सांगून त्याने पाल्याचेही पैसे मागितले. मूळ झाड केव्हाच गेले, आता उभे आहे ते नंतरचे. पाला आंबट लागतो, यापलीकडे त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

माझे स्पष्ट मत असे की, ख्यालगायनाच्या ओढीने येणाऱ्या मराठी माणसाने हजिऱ्यात अर्धा तास आणि ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात सगळा दिवस घालवावा. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या भावांनी ग्वाल्हेर घराण्याच्या ज्या ख्यालगायकीला आकार दिला, ती आपल्याकडे पोहोचली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे. १८४९ साली जन्मलेल्या बुवांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे तालीम घेतली, पुढे मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकवले आणि पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. इकडे ग्वाल्हेरात याच घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने गायनशाळा काढली आणि १९१८ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांची संगीतशाळा सुरू झाली. एका शहरात चार वर्षांच्या अंतराने दोन शाळा उभ्या राहतात, एक घराण्याच्या तालमीवर भिस्त ठेवणारी आणि दुसरी स्वरलिपी व पाठ्यक्रम यांवर. शिक्षणाविषयीचा तो वाद आपण अजून मिटवलेला नाही, आणि हजिऱ्यातल्या माहितगाराला त्याचा पत्ताही नाही.

जिवाजीगंजातील सरोद घर, म्हणजे सरोदवादक हाफिज अली खाँ यांचे वडिलोपार्जित घर, अजिबात चुकवू नये. जुनी वाद्ये तेथे इतक्या जवळून पाहता येतात की सरोदाची चामड्याची तबली आणि धातूची गुळगुळीत पट्टी यांतला फरक डोळ्यांना नीट कळतो. गल्ली अरुंद असल्याने वाहन बाहेरच सोडावे लागते आणि येथेही रिक्षावाला ‘शोधावे लागेल’ म्हणून जादा मागतो. देऊ नये, चौकात कोणालाही विचारले तरी घर सापडते.

वेळ निवडता येत असेल तर डिसेंबरातील तानसेन समारोह गाठावा. १९२४ पासूनच्या या उत्सवाची सुरुवात तानसेनाच्या कबरीपाशी हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचे स्तुतिगान, यांनी होते. रात्रीच्या बैठका लांबतात आणि थंडी कडक असते, तेव्हा शाल, कानटोपी आणि परतीचे वाहन यांची सोय दिवसाउजेडीच करून ठेवावी.