वेदना आणि संमोहन

बोस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली, त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने अंडवृद्धीच्या उपचारात वेदनांनी तळमळणाऱ्या एका कैद्यावर मेस्मर या अठराव्या शतकातील जर्मन वैद्याच्या पद्धतीचा, म्हणजे संमोहनाच्या पूर्वरूपाचा, प्रयोग केला होता. पुढे हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढण्यापूर्वी त्याचे स्थानिक साहाय्यक अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या अंगावरून, स्पर्श न करता, तासन्‌तास हात फिरवीत असत. या निनावी साहाय्यकांविषयी मला फार आदर वाटतो.

मेस्मरचा 'प्राणिज चुंबकत्वा'चा, म्हणजे शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो असा, सिद्धांत टिकला नाही. परिणाम मात्र खरा होता. १९९७ मध्ये रेनव्हिल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी संमोहित व्यक्तींचे हात कढत पाण्यात ठेवून दाखवले, की वेदनेच्या त्रासदायकपणाविषयीची सूचना बदलली की मेंदूच्या भावनेशी निगडित भागातील हालचाल बदलते, संवेदना नोंदवणारा भाग मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणजे दुखणे कळते, पण ते छळत नाही.

माझ्या जुनाट कंबरदुखीत मी नेमके हेच अनुभवते. डॉक्टरांनी कारण निश्चित केल्यानंतरच मी हा मार्ग धरला, आणि तसेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निदानाआधी वेदना दडपणे धोक्याचे आहे. संमोहनतज्ज्ञ मला श्वास संथ करायला सांगतात, मग दुखऱ्या जागी गारवा पसरत असल्याची सूचना हळूहळू देतात. सर्वांनाच ही अवस्था सारखी साधत नाही; मला साधते, आणि आता झोपण्यापूर्वी मी स्वतःच त्या सूचना देते.