शाकारणी, पण बर्फाची: सेंट क्लेअरकाठची नोंदवही

12 ऑक्टोबर, दसरा

हत्यारपेटीची पूजा झाली. पान्यांना गंध लावलं, इंजिनाच्या एअर क्लीनरवर झेंडूचं एक फूल ठेवलं. बायको म्हणाली, "आज पूजा करतोस आणि उद्या त्याचं पाणी काढणार!" उद्या नाही, पुढच्या रविवारी. पण पाणी काढणार हे खरं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मिशिगनच्या सेंट क्लेअर तळ्यात फिरणारी माझी बोट हिवाळ्यात गोठून फुटू नये म्हणून तिची ही तयारी. बोट 19 फुटी, इंजिन मर्क्रूझरचं 4.3 लिटर व्ही-6, मागे अल्फा ड्राइव्ह (पंखा फिरवणारा, पाण्यात उतरणारा भाग). थंडावा थेट तळ्याच्या पाण्याचा. गाडीसारखा रेडिएटर नाही, कूलंट नाही. ड्राइव्हमधला पंप पाणी ओढतो, ते ब्लॉकमधून (इंजिनाचा बिडाचा मुख्य भाग) आणि मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणारं ओतीव नळकांडं) फिरून एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. इंजिन बंद केलं की आत उरतं ते निव्वळ पाणी. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, आणि बीड काही ताणलं जात नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आधीच्या बोटीतल्या 3.0 लिटर इंजिनाचा ब्लॉक मीच फोडला. ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढला, चहाच्या कपाएवढं पाणी आलं आणि थांबलं. मला वाटलं, संपलं. एप्रिलमध्ये डिपस्टिक काढली तर तेलाचा रंग कटिंग चहासारखा, आणि ब्लॉकवर बाहेरून वीतभर चीर. पाणी संपलं नव्हतं, भोकाच्या आत गाळाचं बूच बसलं होतं. 'फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या भोकांतल्या धातूच्या चकत्या) उडून इंजिन वाचवतात' असं अजूनही कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्या चकत्या ओतकामाच्या वेळची वाळू काढायची भोकं बुजवण्यासाठी असतात. कधी त्या आधी उडतात, कधी ब्लॉक आधी जातो.

म्हणून यंदा डोळ्यांवर विश्वास नाही. प्रत्येक भोकाखाली बादली धरायची आणि पाणी मोजायचं.

आज एवढंच केलं: टाकी भरली, पेट्रोल हिवाळाभर टिकवणारं फ्युएल स्टॅबिलायझर घातलं आणि तळ्यावर शेवटची चक्कर मारली, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचलं.

19 ऑक्टोबर

बोट पाण्याबाहेर काढली. रॅम्पवरच तळाचा प्लग काढून बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) रिकामं केलं. मिशिगनमध्ये 2019 पासून हे बंधनकारक आहे, प्लग काढल्याशिवाय बोट रस्त्यावर न्यायची नाही. कारण आमच्याच तळ्यातलं. उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपला पहिल्यांदा सापडला तो 1988 मध्ये, इथे सेंट क्लेअरमध्ये. नखाएवढा जीव, पण मिळेल त्या नळीत वस्ती करतो.

घरामागे ट्रेलर लावला. नाळ (बोटीचं पुढचं टोक) थोडी वर उचलून पुढच्या चाकाखाली फळी दिली. ड्राइव्ह पूर्ण खाली सोडला, म्हणजे त्यातलं आणि पंपातलं पाणी आपोआप निथळतं. वर उचललेल्या ड्राइव्हमध्ये पाणी तसंच अडकून राहतं.

20 ऑक्टोबर

आजचा दिवस मोठा होता.

ड्राइव्हला 'कानटोपी' चढवली (पाणी ओढायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी वाट्या, म्हणजे मफ्स; आमच्या घरी त्यांना हेच नाव पडलंय), बागेचा पाइप जोडला आणि आधी पाणी सोडून मगच इंजिन सुरू केलं. उलटं केलंत तर पंपातला रबरी इंपेलर मिनिटभरातच जळतो. इंजिन नीट तापल्यावर कार्ब्युरेटरमध्ये फॉगिंग ऑइल (आतून गंज न चढू देणारं तेल) मारलं, शेजाऱ्याने खिडकी लावून घेईपर्यंत धूर झाला. मग इंजिन बंद करून, तेल गरम आहे तोवर डिपस्टिकच्या नळीतून ओढून काढलं. फिल्टर बदलला.

आता पाणी. 4.3 ला मुख्य भोकं चार: दोन्ही मॅनिफोल्डना एकेक आणि ब्लॉकच्या दोन्ही अंगांना एकेक. शिवाय सर्क्युलेटिंग पंपाचा (इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) जाड होज आणि पॉवर स्टीअरिंगच्या कूलरचा होज.

डावा मॅनिफोल्ड: एक लिटर. उजवा: जवळपास तेवढंच. ब्लॉकची डावी बाजू: प्लग काढताच मनगटावर थंडगार धार, बादलीत भरून तीन लिटर.

उजवी बाजू: थेंबही नाही.

हा प्लग स्टार्टरच्या पुढ्यात आहे. बसून दिसत नाही, पालथं पडून हाताने चाचपावा लागतो. थेंब नाही म्हटल्यावर मला एकदम 3.0 आठवलं. तेव्हा मी प्लग परत बसवून जेवायला गेलो होतो. यंदा स्टार्टरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, कपड्यांच्या हँगरची तार सरळ केली आणि भोकात घातली. दोन इंचांवर काहीतरी करकरलं. पाच मिनिटं टोचल्यावर तपकिरी चिखल आला, मग गंजाचे पापुद्रे, मग शिंपल्याचे दोन तुकडे आणि मग पाणी. तेही सरळ नाही. यायचं, थांबायचं, तार घातली की पुन्हा यायचं. शेवटी सव्वादोन लिटर भरलं. माझ्या आधीच्या मालकाने हा प्लग कधी उघडला असेल असं त्याच्या आट्यांकडे बघून वाटत नाही.

चारही भोकांत पुन्हा एकेकदा तार फिरवली. दोन्ही होज काढून खाली वाकवले, त्यातून आणखी दोन लिटर. मग किल-स्विचची दोरी काढून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही असं करून, क्षणभर स्टार्टर फिरवला. पंपात उरलेला घोटभरही बाहेर आला. एकूण सव्वानऊ लिटर. त्यातले सव्वादोन आतच राहिले असते, आणि मी समाधानाने ताडपत्री बांधली असती.

आता वादाचा विषय. बरेच जण प्लग न काढता कानटोपीतूनच गुलाबी अँटिफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) पाजतात आणि एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी आलं की काम झालं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडणारी झडप) बंद असेल तर पंपाचं पाणी ब्लॉकला वळसा घालून थेट मॅनिफोल्डमधून एक्झॉस्टला जातं. म्हणजे मागून गुलाबी येत असताना ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी जसंच्या तसं बसलेलं असू शकतं. आणि थर्मोस्टॅट उघडला तरी ते त्या पाण्यात मिसळून पातळ होतं. कॅनवरचा उणे 50 फॅरनहाइटचा आकडा पाणी न मिसळलेल्या मालाचा, तोही पाइप फुटू न देण्याचा. गोठून लगदा व्हायला ते त्याच्या कितीतरी आधी सुरुवात करतं.

मी प्लगना सीलंट लावून ते बसवले, वरून थर्मोस्टॅट हाउसिंगचे होज काढून फनेलने ब्लॉकमध्ये आणि दोन्ही मॅनिफोल्डमध्ये उणे 100 चं अँटिफ्रीझ ओतलं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच. गाड्यांचं हिरवं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि वसंतात पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की हे सगळं बाहेरच पडणार. शेवटी उजवा प्लग क्षणभर सैल केला. गुलाबी आलं, तेही न टोचता.

26 ऑक्टोबर

ड्राइव्हमधलं गिअर ल्यूब (गिअरचं तेल) बदललं. जुनं स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे सील शाबूत. नवं नेहमीप्रमाणे खालच्या भोकातून वर चढवलं. बॅटरी तळघरात नेली.

मग श्रिंकरॅप, म्हणजे गरम केलं की आवळून बसणारं प्लास्टिक. हीट गन फिरवताना आईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या हर्णैला मे संपता संपता होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात. तिने पांढरं प्लास्टिक बघितलं आणि विचारलं, "शाकारणी झाली का रे? वारा जायला जागा ठेवलीस ना?" ठेवली नव्हती. दोन्ही बाजूंना एकेक व्हेंट कापून लावला.

उजव्या प्लगच्या आट्या झिजल्यात. नवा पितळी प्लग मागवलाय, तो वसंतात बसवेन. तळाचा प्लग एका पिशवीत घालून पिशवी इंजिनाच्या किल्लीला बांधली, आणि पिशवीवर मार्करने लिहिलं: "आधी मी."