शेजारणीच्या नवऱ्यासाठी दिलेली साक्ष

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. ठाण्याहून इस्रायलमधल्या लोद शहरात आलो, तेव्हा ज्यूंना इथे येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या १९५०च्या ‘परतीच्या कायद्या’मुळे नागरिकत्वासाठी फारसे खेटे घालावे लागले नाहीत. वरच्या मजल्यावरची शेजारीण अरब. जन्म लोदचा, जन्मापासून इस्रायलची नागरिक. लग्न वेस्ट बँकमधल्या नाब्लुसच्या मुलाशी झालं आणि घोडं तिथेच अडलं.

२००३च्या कायद्याने वेस्ट बँक आणि गाझातल्या जोडीदाराला लग्नाच्या आधारे नागरिकत्व मिळणं जवळपास बंद झालं. वेस्ट बँकमधला नवरा पस्तिशीच्या पुढचा असेल, तर राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तोवर ती लेकीला घेऊन नाब्लुसला जायची आणि कामासाठी परत यायची. जुलै २०२१ मध्ये संसदेत ५९-५९ मतं पडून या तात्पुरत्या कायद्याची मुदत वाढली नाही, तेव्हा तिने पेढे वाटावेत तशी घरोघरी मिठाई वाटली. मार्च २०२२ मध्ये तो पुन्हा आला.

पस्तिशी उलटल्यावर अर्ज केला. संसार खरोखर इथेच आहे, हे कागदांनी दाखवायचं. माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही अर्नोनाच्या, म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, लेकीचा शाळेचा दाखला, लसीकरणाचं पुस्तक महिन्यावार लावलं. विजेचं बिल निघालं तिच्या वडिलांच्या नावावर! म्हणून शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हवी होती. वकिलाने मला विचारलं, दारात पुरुषाच्या चपला दिसतात का? मुलीला शाळेत कोण सोडतं? मी सगळं सांगितलं आणि सही केली.

सरकार सुरक्षेचं कारण देतं. २००२चे आत्मघाती हल्ले इथे कुणीच विसरलेलं नाही, मीही नाही. पण त्यासाठी माणसागणिक चौकशी आहेच, त्याची झालीही. अख्ख्या समाजाचं लग्न संशयावर धरणं मला पटत नाही. आमच्या माणसांनाही लग्नासाठी आपलं ज्यूपण सिद्ध करायला लावलं होतं. जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने आम्हांला पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं.

परवाना मिळाला, एका वर्षाचा. त्यावरून पुढे नागरिकत्व मिळत नाही, मतही देता येत नाही. दर वर्षी तीच फाइल नव्याने. आता विजेचं बिल दोघांच्या नावावर करून घेतलंय. तुमच्या शेजारी असं कुणी असेल आणि साक्ष मागितली, तर नाही म्हणू नका. वकिलाकडे जाताना स्वतःचं ओळखपत्र मात्र बरोबर ठेवा.