त्या हिरवळीवर रँग्लरांचा हक्क होता

परवा आईचं पाऊल गवतावर पडलं आणि एक माणूस हात हलवत धावत आला. ते केंब्रिजमधलंच एक कॉलेज, नाव लिहीत नाही. चूक आमचीच, पाटी होती. पण बहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले. खडबडीत दगडांवरून चालवेना म्हणून कोपऱ्यावर दोन पावलं गवतात टाकली, एवढंच. तो सभ्यपणे बोलला, पण दहा माणसांसमोर बोलला. आई नुसती "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली.

इथे राहून मला आठ वर्षं झाली. नियम पाठ आहे: कॉलेजच्या चौकातल्या हिरवळीवर फक्त फेलोंनी, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ अध्यापक-सदस्यांनी चालायचं. तिथे तीन-तीन वर्षं शिकणाऱ्या मुलांनीही कडेकडेने वळसा घालायचा. इतके दिवस मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. सोवळं-ओवळं आपल्याकडचं, ते मोडण्यात आपल्या माणसांनी आयुष्यं घालवली. इथे गवताचं सोवळं आणि त्याला परंपरा म्हणायचं? पाचशे वर्षं जुनी गोष्ट झाली म्हणून ती बरोबर ठरत नाही. हे मी आईला जेवताना दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, पण राखलंय किती सुंदर."

खरं म्हणजे आई केंब्रिजला आली ती सेंट जॉन्स कॉलेज बघायला. दापोलीच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. रँग्लर परांजपे आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे. कर्व्यांच्या आधाराने शिकले, फर्ग्युसनमधून सरकारी शिष्यवृत्तीवर सेंट जॉन्सला आले आणि 1899 साली सीनियर रँग्लर झाले. इथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनियर. पेम्ब्रोक कॉलेजच्या बर्टविसलबरोबर पहिला नंबर विभागून. आई प्रत्येक वर्गाला हे सांगायची, 'विभागून' हा शब्द न गाळता.

दुसऱ्या दिवशी गेलो. सेंट जॉन्सच्या दरवाजावर बोफर्ट घराण्याचं बोधचिन्ह कोरलंय आणि त्याच्या दोन बाजूंना येल नावाचे बोकडासारखे काल्पनिक प्राणी. कॉलेज 1511 चं. लेडी मार्गारेट बोफर्ट 1509 साली वारल्या. त्यांची इच्छा पुरी करायला बिशप जॉन फिशर झटले, आणि 1535 साली मार्गारेटबाईंच्याच नातवाने, आठव्या हेन्रीने, त्या फिशरांचं डोकं उडवलं. आई दरवाजाकडे बघत म्हणाली, "एका बाईच्या पैशावर उभं राहिलं, आणि मुलींना कधी घेतलं?" पदवीच्या वर्गात 1982 साली. ती काही बोलली नाही.

मी मात्र बोलले. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे त्याच पदवी परीक्षेत, 1890 साली फिलिपा फॉसेट ही न्यूनम कॉलेजची मुलगी सीनियर रँग्लरच्याही वर आली होती. पदवी नाही. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला 1948 साल उजाडावं लागलं. आपल्या कर्व्यांनी 1916 साली बायकांचं विद्यापीठच काढलं होतं! आपल्याकडे त्याच काळात विधवांचं काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच तर कर्व्यांना ते सगळं करावं लागलं. तरी हे 1916 मी इथल्या मैत्रिणींना सांगते, आणि सांगताना आवाज चढतोच.

सेनेट हाउस, विद्यापीठाची समारंभांची इमारत, तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. रँग्लरांची नावं क्रमाने वाचून दाखवायची ती तिथेच. क्रमवारीत शेवटी राहिलेल्याला मुलं लाकडी चमचा द्यायची. 1909 साली क्रमवारी बंद होताना शेवटचा चमचा मिळाला तो सेंट जॉन्सच्याच विद्यार्थ्याला, तोही होडीच्या वल्ह्यापासून केलेला. हे आईला फार आवडलं. पहिल्यांइतकीच शेवटच्यांचीही आठवण ठेवणारी शाळा चांगली, असं तिचं मत. त्यांनी सगळं जपून ठेवलंय हे मलाही मानावं लागतं. आमच्या शाळेत आईच्या पहिल्या बॅचचं हजेरीपत्रकही आता सापडणार नाही.

सेंट जॉन्सच्या फर्स्ट कोर्टच्या, म्हणजे पहिल्या चौकाच्या, हिरवळीच्या कडेला आई बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "रँग्लर इथले फेलो होते ना गं?"

होते. म्हणजे या नियमाने ते या गवतावरून चालू शकत होते. मुर्डीचा मुलगा! कालपासून ज्या गवतावर माझा राग होता, त्याच्याकडे मला एकदम वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटलं.

"आणि तरी परत आले," आई म्हणाली.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याचं वचन देत. परांजप्यांनी ते दिलं आणि पाळलं. 1902 पासून दोन दशकं ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. आईने मला काहीच विचारलं नव्हतं. तरी मी सांगत सुटले: लेकाची शाळा अशा टप्प्यावर आहे, माझ्या कामाला पुण्यात प्रयोगशाळा नाही, तेव्हा देश उभा करायचा होता, आता तसं नाही. यातलं एकही खोटं नाही. दर महिन्याला मी दापोलीच्या शाळेला पैसे पाठवते, तेही सांगितलं. तिला ते माहीतच होतं.

"बरं," म्हणाली आणि माझा हात धरला. मग सगळ्या चौकाला कडेकडेने वळसा घालून आम्ही सेकंड कोर्टकडे गेलो. दगडांवरून. गुडघ्यांचं नाव तिने काढलं नाही.