पावणेतेरा फेरे

गेल्या पावसाळ्यात आबांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. वजन ते उचलतच नव्हते; पण कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भाजी घेऊन दोन टेम्पोंच्या मधून गाडी मागं काढताना स्टिअरिंग जे पिळायला लागतं, त्याचं काय? एके दिवशी गाडी तिथंच ठेवून ते रिक्षानं घरी आले. चावी टीव्हीशेजारी ठेवली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडी म्हणजे 1997 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. जेमतेम साडेसहाशे किलोची. तिला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय म्हटल्यावर आमच्या शिफ्टमधला एकजण म्हणाला, "आता सायकलला सनरूफ बसवणार काय?" पळत्या गाडीत त्याचं खरं आहे, आठशेचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. उभ्या गाडीत मात्र टायर डांबरावर जागच्या जागी घासत वळवावा लागतो. बहात्तर वर्षांच्या आखडलेल्या खांद्याला तेवढं पुरतं.

हायड्रॉलिकचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला. पंप, पुली, पट्टा, तेलाचे पाइप, शिवाय वेगळा रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारी दात्यांची पट्टी. आठशेच्या बॉनेटखाली हे सगळं मांडायचं म्हणजे इंजिन बाहेर ठेवून गाडी चालवायची. इलेक्ट्रिकमध्ये मोटर कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंगमागच्या दांड्यावरच, असते आणि खालचा रॅक आपलाच राहतो. आल्टोच्या वरच्या मॉडेलला हा कॉलम यायचा. आल्टोचं इंजिनही 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. मिस्त्री म्हणाला, "सख्खा भाऊ आहे, डोळे झाकून बसतंय." कराडच्या पुढं एका भंगारवाल्याकडून मोटर, कंट्रोलर आणि हाताला लागेल तेवढ्या वायरिंगसह कॉलम आणला. साडेचार हजार रुपये. आधीच सांगून ठेवलं होतं की कनेक्टर कापू नका. त्यांनी दोन कापलेच.

सख्खे कुठले, चुलत निघाले. डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटची भोकं 14 मिलिमीटरनं सरकलेली, आणि मोटर नेमकी फ्यूज बॉक्सच्या अंगावर येत होती. ते फार अवघड नव्हतं. 5 मिलिमीटरच्या पत्र्याचं नवं ब्रॅकेट करून घेतलं, फ्यूज बॉक्स डावीकडं सरकवला.

खरी भानगड खाली पेडलपाशी. कॉलममधून उतरणारा रॉड रॅकच्या पिनियनला, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी दांडीला, क्रॉसनं जोडलेला असतो. क्रॉस म्हणजे तिरका वळूनही फिरणारा सांधा. क्रॉस दात्यांवर चढतो आणि त्याला आडवा एक बोल्ट जातो. पिनियनला त्या बोल्टापुरती गोल खाच असते. उद्या बोल्ट जरासा ढिला झाला तरी क्रॉस वर निसटू नये, ही त्या खाचेची कामगिरी. आमचा क्रॉस दात्यांवर छान चढला, हातानं फिरवून बघितलं तर ढिलेपणा शून्य. बोल्ट मात्र अर्ध्यात अडला. टॉर्च तोंडात धरून बघितलं तर भोकातून खाचेच्या जागी लोखंडाची उभी भिंत दिसत होती. रॉड आखूड होता, त्यामुळं क्रॉस पूर्ण खाली पोचलाच नव्हता. मिस्त्री म्हणाला, "एवढंच ना, बोल्ट मधे घासून घालू. आवळला की हालत नाही." मी स्पॅनर त्याच्या हातातून काढून घेतला. आमची दोस्ती जुनी आहे म्हणून निभावलं.

मग रॉड घेऊन उद्यमनगर. तिथं एक लेथवाले मामा आहेत, आमच्या कारखान्याची बारीकसारीक कामं करतात. त्यांनी रॉड उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कशाचा आहे?" स्टिअरिंगचा म्हटल्यावर परत माझ्या हातात दिला. "पाणी काढायच्या पंपाचा असता तर आत्ता मधे तुकडा घालून जोडून दिला असता. स्टिअरिंगला वेल्डिंग मी करत नाही. दुसरा शोध." उद्यमनगरात काम नाही म्हणणारा माणूस भेटणं दुर्मीळ, म्हणून ऐकलं. शेवटी आठशेचाच जुना रॉड खालच्या क्रॉससकट ठेवला आणि वर आल्टोचा क्रॉस चढवला. लांबी जुळली. बोल्ट बोटानं ढकलला तर सरळ पलीकडं निघाला.

गाडी बाहेर काढली तर स्टिअरिंग जड, हलकं, जड, हलकं. एका फेऱ्यात दोनदा. मिस्त्रीनं मोटरला शिव्या घातल्या. मी फ्यूज काढून मोटर बंद केली, तरी तेच. मोटर निर्दोष. एका फेऱ्यात दोनदा म्हटल्यावर मला कारखान्यातला कार्डन शाफ्ट आठवला. क्रॉस तिरका चालतो तेव्हा एका टोकाला एकसारखा वेग दिला तरी दुसरं टोक फेऱ्यात दोनदा पुढं पळतं, दोनदा मागं रेंगाळतं. म्हणून रॉडला दोन क्रॉस असतात, एकाचा दोष दुसरा फेडतो. पण त्यासाठी रॉडच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका ओळीत हवेत. आमच्या घाईत वरचा जवळजवळ काटकोनात बसला होता. काढला, फिरवला, लावला. वीस मिनिटांचं काम, त्याआधी दोन दिवसांचं भांडण.

इथपर्यंतचं सगळं डोळ्यांना दिसणारं होतं. भोक जुळत नाही, दात बसत नाही, हे कळतं. पुढचं दिसत नव्हतं.

या कंट्रोलरला करंट दिला की काम झालं असं नाही. तो दोन प्रश्न विचारतो: इंजिन चालू आहे का, आणि गाडी किती वेगात आहे? वेग कमी तर मदत जास्त, वेग वाढला की मदत कमी. आल्टोत उत्तरं द्यायला इंजिनचा संगणक आहे. आमच्या गाडीत संगणक म्हणजे कार्बोरेटरचा चोक.

इंजिनचा प्रश्न सोपा. इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर ठिणगीगणिक एक झटका येतो. वायरमन ती वायर थेट कंट्रोलरला जोडायला निघाला होता. त्या झटक्याला दोनतीनशे व्होल्टचा दणका असतो, कंट्रोलर तिथंच रामनाम सत्य झाला असता. मधे रेझिस्टर, डायोड आणि पीसी817 हा ऑप्टोकपलर घातला; तो निरोप उजेडानं पलीकडं पोचवतो, दणका अलीकडंच ठेवतो. आम्ही पॅनलमध्ये रोज वापरतो तोच.

वेगाचं उत्तर मात्र घडवावं लागलं. आठशेचा मीटर केबलवर चालतो. जपानी पद्धतीत ही केबल ताशी 60 किलोमीटरला मिनिटाला 637 फेरे घेते, म्हणजे किलोमीटरला 637. सुझुकीच्या गाडीनं ते पाळलेलं असावं, पण सत्तावीस वर्षांत या गिअरबॉक्समध्ये कुणी काय बदललंय कुणास ठाऊक. म्हणून मीटरकडचं केबलचं टोक सोडवलं, आतल्या तारेला चिकटपट्टीचा झेंडा लावला, गल्लीत टेपनं 20 मीटर मोजले, आबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली. माझा मुलगा आत मान घालून मोजत होता. तेरावा फेरा पुरा व्हायला पाव बाकी असताना चुन्याची रेघ आली. पावणेतेरा. 637 नं हिशेब केला तर 12.74. गल्लीतली माणसं बघत होती, त्यांना वाटलं गाडी बंद पडली. दोघं ढकलायला आले. त्यांना परत पाठवणं केबल मोजण्यापेक्षा कठीण गेलं.

मग मामांकडून नायलॉनचा एक जोड करून घेतला, गिअरबॉक्स आणि केबल यांच्या मधे बसणारा. याला ते नाही म्हणाले नाहीत. त्यावर चार छोटे चुंबक चिकटवले, समोर ए3144 हा हॉल सेन्सर, चुंबक समोरून गेला की खूण देणारा. एका फेऱ्याला चार पल्स, ही आल्टोची रीत. कंट्रोलरचा चूक दाखवणारा दिवा विझला, स्टिअरिंग लोण्यासारखं. आम्ही सांगली रस्त्याला लागलो.

अतिग्र्याच्या पुढं सत्तरच्या वेगात स्टिअरिंगला काही वजनच राहिलं नाही. बोट लावलं की गाडी डगमगते. बाजूनं ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चाललेला. घामच फुटला. वेग उतरवला, कडेला थांबलो, फ्यूज काढला आणि जडच पण शहाण्या स्टिअरिंगनं घरी आलो.

चूक माझीच. चिकटवताना चुंबक एकाआड एक, उत्तर-दक्षिण, असे लावले होते, दिसायला नीटनेटकं. पण हा सेन्सर फक्त दक्षिण ध्रुवाला ओळखतो. चारातले दोनच मोजले जात होते. गाडी सत्तरनं धावत होती आणि कंट्रोलरला वाटत होतं पस्तीस, म्हणून बिचारा मनापासून मदत करत होता. दोन चुंबक उलटे केले. सत्तरला स्टिअरिंग पुन्हा भरल्यासारखं लागलं.

एक दुखणं उरलं होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापर्यंत नेलं की मदत मधेच तुटायची. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर 12.9 व्होल्ट, कंट्रोलरच्या टोकांवर 10.7. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर आतून हिरवी पडली होती. ती बदलली, कंट्रोलरला 10 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढली, बॅटरीजवळ 40 अँपियरचा फ्यूज. बॅटरी अजून 35 अँपिअर-अवरचीच आहे.

आबांच्या हातात देण्याआधी शेंडा पार्ककडच्या मोकळ्या रस्त्यावर फ्यूज काढून त्यांना चालवायला लावलं. मोटर मेली तरी रॉड आणि रॅक जोडलेलेच असतात, स्टिअरिंग फक्त जड होतं, हे त्यांच्या हातांना आधी कळायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. आरसीत स्टिअरिंगचा रकाना नसला तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलंय.

वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की ते पूर्वीसारखं पटकन सरळ होत नाही, मोटरचा गिअर त्याला अडवून धरतो. व्हील अलाइनमेंट करून बघणार आहे. आणि इग्निशन लॉक आल्टोच्या कॉलमवरचा असल्यामुळं आता दरवाज्याची चावी वेगळी, चालू करायची वेगळी. आबांनी दोन्ही एका कड्यात अडकवल्यात. काल लक्ष्मीपुरीहून येऊन म्हणाले, "स्टिअरिंग बरं झालंय. चावीचं मात्र काहीतरी कर. रोज आधी चुकीचीच हाताला येते."