बाळंतपण कुठं झालं होतं?

दहावीचा फॉर्म भरताना मुलाची जन्मतारीख नव्याने कुणी विचारत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात जी असते तीच संगणकात जाते, तीच बोर्डाच्या अर्जात आणि तीच पुढे प्रमाणपत्रावर छापून येते. त्या प्रमाणपत्रावर मग पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळं चालतं. म्हणून प्री-लिस्टच्या, म्हणजे बोर्डाकडे भरलेल्या माहितीची यादी तपासायच्या शनिवारी आम्ही मुलांबरोबर पालकांनाही बोलावतो. नुसती सही घेत नाही, प्रत्येकाला आपली ओळ मोठ्याने वाचायला लावतो.

आमची महापालिकेची शाळा हडपसर भागात. पालक रामटेकडीच्या कारखान्यांत, मगरपट्ट्याच्या सोसायट्यांत, बांधकामांवर कामाला जातात. लातूर, बीड, धाराशिव, नांदेडकडून आलेली घरं बरीच. मूल एका जिल्ह्यात जन्मतं, पहिलीला दुसऱ्या जिल्ह्यात बसतं आणि आठवीला आमच्याकडे येतं. कागदंही तशीच विखुरलेली.

बहुतेक चुका वाचताना पटकन सापडतात. बोर्डात आडनाव आधी, आधारवर शेवटी, त्या उलटसुलटीत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. इंग्रजी स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गळतं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात असतं, तिथे कधी आजीचं नाव निघतं. संपूर्ण हिंदी की संयुक्त, हे मात्र मुलाच्या तोंडूनच वदवून घ्यावं. इथे चूक राहिली तर परीक्षेच्या दिवशी हातात भलतीच प्रश्नपत्रिका पडते.

यंदा एक मुलगी जन्मतारखेपाशी थांबली. यादीत १ जून २०१०. आधारवर १ जानेवारी २०१०. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली, "बाई, ही थंडीतली आहे. येळा अमावस्येच्या आगंमागं झाली."

आमच्या रजिस्टरात १ जूनची मुलं भरपूर आहेत आणि त्याचं कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि पहिलीतलं मूल सहा वर्षांचं धरलं जातं. डिसेंबर २०१० चं मूल जून २०१६ मध्ये साडेपाचच वर्षांचं. कागद नसला की तारीख १ जून लिहायची आणि मूल वर्गात घ्यायचं. त्या गुरुजींचा हेतू चांगलाच असणार. शिक्षण हक्क कायद्यानेही वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण प्रवेशानंतर कागद पुरा करून घ्यायचा असतो, ते काम राहून जातं. आधारवरची १ जानेवारीही अशीच. नोंदणीच्या वेळी नुसतं वर्ष सांगितलं की ही तारीख येऊन बसते.

वडील म्हणाले, जन्मदाखला आणायला मागेच गावाला जाऊन आलो, ग्रामपंचायतीने नोंद नसल्याचं लिहून दिलं. आता कोर्टातून करावं लागेल, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. त्यासाठी पैसे बाजूला काढायलाही त्यांनी सुरुवात केली होती.

मी आईला विचारलं, "बाळंतपण कुठं झालं होतं?"

"माहेरी. सरकारी दवाखान्यात."

जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथे होते, वडिलांच्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होणाऱ्या आपल्याकडे हे सांगून सांगून थकावं, तरी माणसं सासरच्या गावीच खेटे घालतात. त्यातही दवाखाना माहेरच्या गावात नव्हता, शेजारच्या गावात होता. आईने पिशवीतून लसीकरणाचं जुनं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, पण आरोग्य केंद्राचं नाव आणि २४ डिसेंबर २०१० ही तारीख स्पष्ट दिसत होती. आरोग्य केंद्र ज्या गावात, त्या गावच्या ग्रामपंचायतीत मामाला पाठवायचं ठरलं.

नोंद सापडली. दवाखान्यातून वेळेत कळवलेली, जानेवारी २०११ ची. पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाआधी नोंद झाली की असंच होतं. नाव नंतर घालता येतं, मात्र नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षांच्या आत. हे चाललं होतं नोव्हेंबरात, म्हणजे मुदत संपायला जेमतेम दोन महिने होते. दहावीतल्या कितीतरी मुलांची ही मुदत याच सुमाराला संपत असते आणि घरी कुणाला पत्ताही नसतो.

शाळेतून बोनाफाइड दिलं. आईवडिलांना सांगितलं की नाव रजिस्टरात आहे तसंच घाला, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा तेच. इथे एक अक्षर वेगळं पडलं तर नव्याने सगळं सुरू. दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव होतं. त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

नावासह दाखला आल्यावर रजिस्टरचा प्रस्ताव केला: पालकांचा अर्ज, जन्मदाखला, पहिलीच्या शाळेतल्या प्रवेश नोंदीचा उतारा, आमच्या रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत, मुख्याध्यापकांचा अभिप्राय. शाळेला आपल्या अधिकारात तारीख बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पहिलीच्या वेळी वय कमी होतं, अशी हरकत येणार हे दिसत होतं, म्हणून प्रवेशाच्या वेळी वयाचा पुरावा घेतलेला नव्हता हे अभिप्रायात आधीच लिहिलं. मूल शाळेत असताना हा रस्ता तरी असतो. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की साधी लेखनाची चूक सोडता रजिस्टरला हात लावणं फार अवघड होऊन बसतं.

आदेश आल्यावर नोंद अशी करायची: जुनी तारीख वाचता येईल अशी एका रेघेने खोडायची, वर लाल शाईने नवी तारीख अंकी आणि अक्षरी, शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. व्हाइटनर कधीही नाही. खाडाखोडीचं रजिस्टर पुढे कोणत्याही तपासणीत संशयास्पद ठरतं. मग पोर्टलवर दुरुस्ती, आणि आदेशाच्या प्रतीसह विभागीय मंडळाला पत्र. अर्ज जुन्या तारखेने गेला होता, तो प्रमाणपत्र छापण्याआधी दुरुस्त झाला.

आधार सगळ्यात शेवटी करायला सांगितलं. तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईने आधी आधार बदलून आणतात आणि दाखला वेगळा निघाला की अडकतात.

खरं तर हे सगळं दहावीत नाही, आठवीच्या प्रवेशालाच व्हायला हवं. तेव्हा हाताशी दोन-अडीच वर्षं असतात, आणि वडिलांचे खाडेही एका दमात होत नाहीत. आता आठवीच्या प्रवेशाच्या चिठ्ठीत आम्ही जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला मागतो, आणि खाली लिहितो: शक्यतो आईने सोबत यावे.