रांजण कोणी फोडला?

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट शोधत होतो. ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर दोन पानं द्या, सोबत पासपोर्ट फोटो द्या, आणि मागच्या वेळेसारखं करू नका, वेळेत द्या. मागच्या वेळी म्हणजे सुवर्णमहोत्सवाला. तेव्हाही मला सांगितलं होतं आणि मी दिलं नव्हतं. पंचवीस वर्षं बाईंनी हे लक्षात ठेवलं, यावरूनच त्या आपल्या शाळेच्या आहेत हे कळतं.

या वेळी बसलो. ‘शाळेने मला संस्कार दिले’ असं पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं सुचेना. डोक्यात एकच घोळत होतं, ते म्हणजे नववीत असताना मी शाळेचा रांजण फोडला आणि कबूल केलं नाही. म्हटलं चला, तेच लिहू. अमृतमहोत्सव आहे, आता अंगठे धरायला कोणी लावणार नाही.

हल्लीच्या मुलांना रांजण म्हणजे काय ते सांगावं लागेल. आज सायकल स्टँड आहे त्या जागी कडुनिंबाखाली विटांचा ओटा होता. ओट्यावर रेती आणि रेतीत बूड रोवून बसलेला, दोन पोट्ट्यांच्या कवेत मावणार नाही एवढा काळसर रांजण. त्याच्या पोटाला ओलं पोतं गुंडाळलेलं. वर लाकडी झाकण आणि त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. ओगराळं ड्यूटीवाल्यानेच धरायचं, बाकीच्यांनी ओंजळ करायची असा नियम. ओंजळीतलं निम्मं पाणी कोपरावरून खाकी चड्डीत जायचं. एप्रिलमध्ये आम्ही ते मुद्दाम जाऊ द्यायचो.

मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं, हे विज्ञानाच्या पुस्तकात पुढे कधीतरी आलं. चपराशी काकांनी ते आम्हाला चौथीतच शिकवलं होतं. ‘रांजणाले घाम आला पायजे. घाम नाही आला का समजायचं, म्हातारा झाला.’ छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही, म्हणून काका रोज सकाळी पोतं बाजूला सारून रांजणाच्या पोटावर तळहात ठेवायचे. वैद्यानं नाडी बघावी तसे. हात ओला झाला तरच मान हलवायचे.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगून काही उपयोग नसतो. मार्च निम्मा सरला की शाळा सकाळची व्हायची. बाकी महाराष्ट्रातली मुलं १५ जूनला दप्तर उचलायची, तेव्हा आम्ही अजून गच्चीवर पाणी शिंपडून झोपत असू. विदर्भातल्या शाळा २६ जूनला उघडत. पुण्याची माझी आतेबहीण याला ‘तुमचे लाड’ म्हणायची. एकदा मे महिन्यात तिला आठ दिवस इकडे आणलं. तिसऱ्या दिवशी ती तोंडाला दुपट्टा बांधून, फ्रॉकच्या खिशात कांदा ठेवून दारात उभी होती. लाडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

हेडसरांच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी असायची. तिच्यावर दर तासाला पाणी मारायचं काम मुलांकडे, आणि त्या कामासाठी वर्गात मारामारी. बादली घेऊन बाहेर उभं राहायचं, पाणी मारायचं आणि हळूच ताटीला गाल लावायचा. वाळ्याचा तो ओला वास आणि आतून हेडसरांचा आवाज, ‘झालं असेल तर वर्गात जा.’ ताटीतून त्यांना आमची सावली दिसत असणार. हे आम्हाला तेव्हा कधी सुचलं नाही.

आमचे वर्गशिक्षक गणिताचे. मुलांना ते नावाने क्वचितच हाक मारत, हजेरीच्या नंबराने मारत. मी तेवीस. माझ्या बाकावर सोळा, मागे एकतीस, आणि मुलींच्या रांगेत खिडकीशी सेहेचाळीस. आज आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत. एकतीस नंबर आजोबा झाला आहे, पण भेटलो की ‘काय बे सोळा’ हेच. सोळा नंबरच्या बायकोला वाटायचं की हा रस्त्याचा किंवा बसचा नंबर असावा.

सर राहायचे महाल भागातच, मारबतीच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीच्या वाटेवर. बाहेरगावी गेलेल्या मुलांना एव्हाना आठवण करून द्यायला हवी की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत आणि संध्याकाळी तान्हा पोळा. काळी आणि पिवळी या दोन्ही मारबती १८८० च्या दशकापासून निघत आल्या आहेत, आणि सोबत त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्यात बसलेल्या माणसाचा किंवा महागाईचा पुतळा, म्हणजे बडग्या. गर्दी ओरडते, ‘रोगराई, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत!’ सातवीत आम्ही पाच-सहा जण त्या गर्दीत घुसलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘गणिताचा पेपर घेऊन जा गे मारबत!’ वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून सर उभे. हातात चहाचा कप. आम्ही तिथून जे पळालो ते थेट बडकस चौकात थांबलो. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, खडू उचलला, फळ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘नेला का?’ आणि चाचणी घेतली. बस, एवढंच. घरी चिठ्ठी नाही, काही नाही.

मारबतीच्या त्याच संध्याकाळी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायला गेलो होतो. सरांच्या दारी जायची हिंमत फक्त एकतीसची झाली. त्याला चार आणे आणि एक पेन्सिल मिळाली. तो आता आठ आणे सांगतो.

आता १९८७. त्या वर्षीचा ३१ ऑक्टोबर आमच्या पिढीला पाठ आहे. वर्ल्ड कपचा भारत-न्यूझीलंड सामना, आपल्या सदर भागातल्या मैदानावर. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. मग गावसकर अंगात ताप असताना खेळायला उतरला आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकशे आठ एकदिवसीय सामन्यांत त्याचं ते एकमेव शतक, आणि तेही नागपुरात. २२२ धावांचं लक्ष्य आपण ३२.१ षटकांत गाठलं.

आमच्या वर्गातले निदान वीस जण हा सामना स्टेडियममध्ये बसून पाहिल्याचं सांगतात. सोळा नंबर तर म्हणतो, सरांनी त्या दिवशी वर्ग अर्ध्यात सोडला होता. मी कॅलेंडर काढून त्याला दाखवलं की तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या, वर्गच नव्हता तर सोडणार काय. तो म्हणाला, ‘कॅलेंडर चुकलं असेल.’ खरं म्हणजे तो, मी आणि गल्लीतली पंचवीसेक माणसं शेजारच्या काकूंकडे, सरकत्या शटरच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसलो होतो. तिसरा त्रिफळा उडाला तेव्हा आनंदाच्या भरात एकाचा पाय लागून काकूंच्या चकल्यांचा डबा सांडला. कोणाचा, ते तेव्हाही ठरलं नाही.

सुट्ट्या संपून शाळा उघडली आणि मधल्या सुट्टीत प्रत्येकाला चेतन शर्मा व्हायचं होतं. कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवलेल्या तीन फळ्या म्हणजे स्टंप. मागे चार पावलांवर रांजण. रबरी चेंडूवर खेळायचं ठरलेलं असताना कोणीतरी घरून कॉर्कचा चेंडू आणला होता. मी गावसकर होतो. चेंडू ऑफला होता, मी तो अलगद मागे वळवायला गेलो.

आवाज फारसा मोठा झाला नाही. ‘टक्’ झालं आणि मग पोत्याखालून, जणू रांजणाला एकदमच घाम फुटावा तसं पाणी सगळीकडून आलं. खापऱ्या पोत्यातच अडकून राहिल्या, पाणी मात्र ओट्यावरून उतरून, धुळीत बोटबोट वाट काढत थेट शिक्षकांच्या खोलीच्या पायरीपर्यंत गेलं. सगळी शाळा त्या पाण्याकडे बघत उभी होती.

पाचव्या तासाला सर हजेरीपट घेऊन आले. एक नंबरपासून सुरुवात केली. ‘एक. रांजण तू फोडला?’ ‘नाही सर.’ ‘दोन?’ ‘नाही सर.’ माझ्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागला तेवढा लांब वेळ मी आयुष्यात नंतर फक्त एकदा, एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, अनुभवला. ‘तेवीस?’ मी सरांच्या शर्टाच्या खिशातल्या लाल पेनाकडे बघत म्हणालो, ‘नाही सर.’ सरांनी बावन्नाव्या नंबरापर्यंत विचारलं. मुलींनाही विचारलं. मग हजेरीपट मिटला. ‘बरं. म्हणजे वयानं गेला.’ आणि फळ्यावर समीकरण लिहायला लागले.

चार दिवस आम्ही घरून बाटल्यांत पाणी आणलं. पाचव्या दिवशी सकाळी फाटकातून सायकल रिक्षा आत आली. सीटवर दोरीनं बांधलेला नवा कोरा रांजण आणि रिक्षाच्या बाजूनं, एक हात त्याच्यावर ठेवून, सर चालत येत होते. पैसे कोणी दिले हे आम्ही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

ही गोष्ट मी छत्तीस-सदतीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती, बायकोला सोडून. या लेखासाठी म्हणून गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री पोह्यांच्या टपरीवर मी ती सोळा, एकतीस आणि सेहेचाळीस यांना सांगितली. थोडा गंभीर होऊनच सांगितली. सोळा नंबरचा चमचा तर्रीत तसाच राहिला.

‘काऊन बे? तू फोडला? मी तर आजवर समजून राहिलो, मीच फोडला!’

बोलिंग तो करत होता. कॉर्कचा चेंडूही त्याचाच. त्याच्या हिशेबात मी बॅट फिरवली पण ती चेंडूला लागलीच नाही, चेंडू थेट त्याच्या हातून रांजणावर गेला. एकतीस नंबर म्हणाला, तुम्ही दोघंही बाजूला व्हा. आदल्या दिवशी ड्यूटीवर असताना त्यानं ओगराळं आत आपटलं होतं आणि बारीक चीर गेलेली त्यानं स्वतः बघितली होती. वरून पोतं ओढून घेतलं, कोणाला दाखवलं नाही. चेंडू फक्त निमित्त.

सेहेचाळीस नंबर आतापर्यंत गप्प होती. ती आज एका बँकेत मॅनेजर आहे, आमच्यापेक्षा तिचा शब्द सगळीकडेच जास्त चालतो. तिनं कांदा बाजूला सारला, हात पुसले आणि म्हणाली, ‘तुम्हा पोट्ट्यांना काय वाटतं, जगातलं सगळं तुम्हीच फोडता? मी त्या सकाळी ओट्यावर चढून बोरीच्या झाडात अडकलेली पतंग काढली. रांजणावर पाय देऊन. कर्रकन आवाज आला होता.’

‘बोर कुठे होती तिथे? कडुनिंब होता.’

‘दोन्ही होते.’

यावर अर्धा तास गेला. बोरीचं झाड कुठे होतं ते शाळेत जाऊन बघायचं ठरलं, पण तिथे आता सायकल स्टँडचा पत्रा आहे. सरांना विचारावं तर सरही आता नाहीत. ‘नाही सर’ म्हणणाऱ्या त्या बावन्न जणांत आणखी किती जण आपापला गुन्हा खिशात ठेवून बसले होते कोण जाणे. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत नंबर पुकारत होते. त्यांना त्या दिवशी चार-पाच तरी दिसले असतील.

तर बाई, दोन पानं झाली, फोटो सोबत जोडला आहे. सोबत समितीसाठी एक विनंती. नव्या इमारतीत स्टीलचा वॉटर कूलर बसवताय, बसवा. पण त्याच्या शेजारी एक मातीचा रांजणही ठेवा, रेतीत, ओलं पोतं गुंडाळून. पैसे आम्ही चौघं मिळून देत आहोत. फक्त पावती कोणाच्या नावाने फाडायची, यावर अजून एकमत झालेलं नाही.